मीटलोफ: खिमा मळायचा नाही, कालवायचा

मीटलोफ बिघडतो तो बहुतेक वेळा ओव्हनमध्ये जायच्या आधीच. विटेसारखा घट्ट, चावताना रबरासारखा लागणारा लोफ ताटात आला की दोष ओव्हनवर जातो, वेळेवर जातो, खिम्यावर जातो. मला मात्र अशा वेळी खिम्याचं भांडं डोळ्यांपुढे येतं: खिमा, अंडी, पाव, मीठ सगळं एकदम घातलेलं आणि कुणीतरी पाच-सहा मिनिटं जीव लावून मळलेलं. माझे पहिले तीन-चार मीटलोफ असेच झाले होते. चव बरी असायची, पण घास तोंडात फिरत राहायचा. मळणं, तिंबणं आणि कालवणं या तीन वेगळ्या क्रिया आहेत, आणि मीटलोफला यातली फक्त तिसरी मानवते.

पदार्थ तसा साधा. खिम्यात दुधात भिजवलेला पाव, अंडी, परतलेला कांदा आणि मसाला कालवायचा, लांबट आकार द्यायचा, वरून केचपचा आंबट-गोड लेप लावून ओव्हनमध्ये भाजायचा. जर्मनीतला हाकब्राटन हा याचाच भाऊबंद. त्याच्या पोटात अनेकदा उकडलेली अख्खी अंडी असतात. अमेरिकेत हाताने फिरवायची खिमा यंत्रं घरांत आली तसा मीटलोफ रुजला, आणि १९३० च्या दशकातल्या महामंदीत तर थोडं मांस जास्त ताटांना पुरवायचा तो हक्काचा उपाय होता. शिळा पाव, ओट्स, खारे क्रॅकर, जे घरात असेल ते खिम्यात जायचं. त्यातून एक समज मागे उरला, की पाव म्हणजे नुसती भरती. परवडत असेल तर टाळावी. हा समज चुकीचा आहे. नुसत्या मांसाचा लोफ महाग पडतो आणि वर कोरडाही होतो. पाव नेमकं काय करतो ते पुढे सांगतेच.

साहित्य

सहा ते आठ जणांसाठी हे प्रमाण धरा.

खिमा ९०० ग्रॅम: ६०० ग्रॅम बीफ आणि ३०० ग्रॅम पोर्क
कडा काढलेला पांढरा पाव १०० ग्रॅम, साधारण चार स्लाइस
दूध १५० मिली
अंडी २
मोठा कांदा १, सेलेरीची दांडी १, लहान गाजर १, लसणाच्या पाकळ्या ३
लोणी १ मोठा चमचा
टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा
वूस्टरशर सॉस १ मोठा चमचा
बारीक मीठ २ लहान चमचे सपाट, म्हणजे साधारण १२ ग्रॅम
ताजी कुटलेली मिरी १ लहान चमचा
सुकं थाइम अर्धा लहान चमचा, बारीक चिरलेली पार्सली मूठभर

लेपासाठी केचप १८० मिली, ब्राउन शुगर २ मोठे चमचे, सायडर व्हिनेगर १ मोठा चमचा, तयार मस्टर्ड १ लहान चमचा.

याशिवाय काठ असलेला ओव्हनचा ट्रे, बेकिंग पेपर आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर. थर्मामीटर ऐच्छिक नाही. त्याशिवाय मीटलोफ करणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

खिमा निवडताना

चरबी किमान २० टक्के हवी. कमी चरबीचा खिमा घेतला तर लोफ तब्येतीला हलका होईल हे खरं, पण कोरडाही होईल, आणि मग तो कोरडेपणा झाकायला वरून सॉस ओतत बसावं लागतं. बीफ चवीला ठसठशीत, पोर्क मऊ आणि जास्त चरबीचं, म्हणून या दोघांची जोडी चांगली जमते. जुन्या अमेरिकन पद्धतीत तिसरा भाग व्हीलचा, म्हणजे वासराच्या मांसाचा असायचा. व्हीलमध्ये जिलेटिन भरपूर असतं आणि ते रस धरून ठेवतं. व्हील न वापरता तोच परिणाम हवा असेल तर एक लहान चमचा साधी जिलेटिन पावडर दुधात पाच मिनिटं भिजवून मग त्यात पाव घाला. नुसतं बीफ चालतं, लँबही चालतं. चिकन किंवा टर्कीचा करायचा असेल तर मांडीच्या मांसाचा खिमा घ्या. छातीच्या मांसात चरबी इतकी कमी असते की पावानेही ती उणीव भरत नाही.

खिमा जाडसर दळलेला हवा. फार बारीक दळलेला खिमा लगेच एकजीव होतो, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे. कालवायच्या क्षणापर्यंत तो फ्रिजमध्येच राहू द्या. ओट्यावर बाहेर ठेवलात तर चरबी मऊ पडते, हाताला लागते आणि भाजताना आधीच वितळून ट्रेमध्ये वाहून जाते.

आधी पाव

पावाचे तुकडे करून मोठ्या भांड्यात घ्या, वर दूध ओता, दहा मिनिटं थांबा. मग काट्याने कुस्करा, अगदी दाटसर पेस्ट होईपर्यंत. कोरडे गोळे राहिले तर कापल्यावर पांढरे ठिपके दिसतात. फ्रेंच स्वयंपाकात या पेस्टला पनाद म्हणतात.

आता ती काय करते ते. मांस तापत जातं तसे त्यातल्या प्रथिनांचे धागे आक्रसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि मधलं पाणी पिळून बाहेर काढतात. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे तर हे पिळणं जोरात सुरू होतं, आणि आपल्याला खिमा ७१ अंशांपर्यंत न्यायचाच असतो, म्हणजे यातून सुटका नाही. पावातला स्टार्च दोन कामं करतो. एक तर दुधाचं पाणी धरून ठेवतो, आणि दुसरं म्हणजे प्रथिनांच्या धाग्यांच्या मधे जाऊन बसतो, त्यामुळे त्यांना एकमेकांना फार घट्ट पकडता येत नाही. महामंदीतल्या गृहिणींनी पाव घातला तो मांस पुरावं म्हणून. मऊपणा त्याच पावातून आला.

ताजा पाव नसेल तर ६० ग्रॅम सुका पावाचा चुरा किंवा ७० ग्रॅम ओट्स त्याच दुधात भिजवा. ओट्सचा लोफ थोडा भरड आणि किंचित गोडसर लागतो. मला आवडतो, पण त्यांना वीस मिनिटं तरी भिजू द्या. खारे क्रॅकर वापरलेत तर मीठ पाव चमचा कमी करा. कोरडा चुरा तसाच थेट खिम्यात मात्र कधीही घालू नका. तो मांसातलाच रस पिऊन टाकतो.

कांदा कच्चा नको

कच्चा कांदा घालणारे बरेच आहेत. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. लोफच्या आत कांदा परतला जात नाही, फक्त वाफवला जातो, आणि त्याचा उग्र वास शेवटपर्यंत राहतो. शिवाय त्याचं पाणी सुटून त्याच्याभोवती लहान पोकळ्या पडतात आणि काप मोडतात.

कांदा, सेलेरी आणि गाजर शक्य तितकं बारीक चिरा. गाजर किसलं तरी चालेल. लोण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, भाज्या मऊ पडून कांदा कडेने सोनेरी व्हायला लागेपर्यंत. मग लसूण, आणि मिनिटभराने टोमॅटो पेस्ट घालून तिचा रंग थोडा गडद होऊ द्या. गॅस बंद करून वूस्टरशर सॉस घाला. या सॉसमध्ये मुरवलेले अँकोव्ही मासे असतात. माशाची चव लागत नाही, पण मांसाची चव खोल होते. हे मिश्रण ताटलीत पसरून पूर्ण गार करा. गरम घातलंत तर चरबी वितळेल आणि फ्रिजमधून काढलेल्या थंड खिम्याचा काही उपयोग राहणार नाही.

कालवणं

पावाच्या पेस्टमध्ये अंडी, मीठ, मिरी, थाइम, पार्सली आणि गार झालेल्या भाज्या घालून नीट फेटा. इथे हवं तेवढं फेटा, काही बिघडत नाही, कारण यात अजून मांस नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच: जे जे एकजीव करायचं ते मांस येण्याआधी करून घ्या, म्हणजे मांसाला फार हात लावावा लागत नाही.

मीठही या मिश्रणातच घालायचं, खिम्यावर आधीपासून चोळून ठेवायचं नाही. मीठ मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळवतं, आणि ते चिकट होऊन सगळं बांधून टाकतं. सॉसेजमध्ये हेच हवं असतं, म्हणून तिथे मीठ लावून जोराने मळतात आणि सॉसेज दातांखाली टणक उसळतं. मीटलोफचा काप काट्याने सहज तुटायला हवा.

आता खिमा फ्रिजमधून काढा आणि बोटांनी सुटा करत वर पसरा. हाताची बोटं फाकवून, तळापासून वर उचलत, अलगद उलटसुलट करा. मूठ आवळायची नाही, तळव्याने दाबायचं नाही. पंचवीस-तीस वेळा असं उचललं की पांढरी पेस्ट वेगळी दिसेनाशी होते. तिथेच थांबा. कुठे खिम्याचा एखादा सुटा धागा दिसत असेल तर दिसू द्या. बीफ आणि पोर्कचे रंग किंचित वेगळे दिसत असतील तरी हरकत नाही. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर या टप्प्यावर अजिबात नको.

मग चिमूटभर मिश्रण चपटं करून तव्यावर शिजवा आणि चाखा. कच्चा खिमा चाखू नका. ही छोटी टिकी दोन मिनिटं घेते आणि मीठ कमी असेल तर आत्ताच कळतं. लेप गोड असतो, म्हणून टिकी जिभेला थोडी ठसकेदार लागली तर बरोबर समजा.

आकार: साच्यात की साच्याबाहेर

पावाच्या साच्यात भाजलेला मीटलोफ फोटोत सुबक दिसतो, पण मी साच्यात भाजत नाही. साच्याच्या भिंतींमुळे बाजू भाजल्या जात नाहीत, स्वतःच्या चरबीत आणि रसात उकडल्या जातात. लेपही फक्त वरच्या बाजूला बसतो. ट्रेवर मोकळा ठेवलेला लोफ तीन बाजूंनी खरपूस होतो, चरबी निथळून जाते आणि प्रत्येक कापाला लेपाची कड येते.

सुबक आकार हवाच असेल तर २३ बाय १३ सेंटीमीटरच्या साच्यात आतून प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावा, मिश्रण हलकेच भरा, बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेवर उलटा आणि फिल्म काढून टाका. हाताने करायचा असेल तर तळवे पाण्याने ओले करून साधारण २५ सेंटीमीटर लांब, १२ रुंद आणि ६ उंच असा लोफ थापा. टोकं निमुळती ठेवू नका, ती आधी वाळतात. ओल्या हाताने पृष्ठभाग गुळगुळीत फिरवून सगळ्या भेगा बुजवा. आत्ता केसाएवढी असलेली भेग भाजताना उघडते आणि रस तिथूनच निघून जातो. वरच्या बाजूला मधोमध लांबीच्या दिशेने उथळ खळगा दाबा. भाजताना कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो, त्यामुळे शेवटी वरची बाजू बरीचशी सपाट येते.

भाजणं आणि लेप

ओव्हन १८० अंशांवर नीट तापवून घ्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १६० पुरे. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. झाकायचं नाही.

लेपाचे चारही घटक लहान पातेल्यात तीन-चार मिनिटं उकळा. नुसतं केचप थापलं तर ते कच्चं लागतं आणि ओघळतं. उकळून दाट केलेलं चिकटून बसतं. व्हिनेगर मात्र गाळू नका. मांसाच्या चरबीला आंबटपणा लागतोच, आणि केचप अधिक साखर एवढंच असेल तर दुसऱ्या कापाला कंटाळा येतो. वाटीभर लेप ताटात घ्यायला बाजूला काढून ठेवा. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश त्यात बुडू देऊ नका.

लेप सुरुवातीला लावायचा नाही. त्यात साखर आहे, तासभरात ती जळते. शिवाय आधी लोफचा स्वतःचा पृष्ठभाग कोरडा होऊन तपकिरी व्हायला हवा. ३५ मिनिटांनी ट्रे बाहेर ओढून वर आणि बाजूंना पातळ थर लावा, १५ मिनिटांनी दुसरा थर. दुसऱ्या थरानंतर लेप चकचकीत होऊन कडेला बुडबुडे येऊ लागतात. घरात तेव्हा जो वास पसरतो त्याने माणसं आपोआप स्वयंपाकघरात येतात. दार उघडून पाहायचा मोह त्यांना आवरायला सांगा.

एकूण वेळ ६० ते ७० मिनिटं, पण घड्याळावर विसंबू नका. लोफची जाडी सेंटीमीटरने वाढली तरी वेळ बराच वाढतो. पन्नासाव्या मिनिटापासून थर्मामीटर बाजूने, बरोबर मध्यभागी पोहोचेल असा खुपसून बघत राहा. बीफ, पोर्क आणि लँबसाठी ७१ अंश, चिकन-टर्कीसाठी ७४. अख्ख्या मांसाच्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, म्हणून स्टेक आतून लालसर चालतो. खिमा दळताना ती वरची बाजू सगळीकडे मिसळली जाते, म्हणून मध्यभागही तेवढा तापायलाच हवा. रंगावरून ओळखायला जाऊ नका. कांदा आणि सेलेरीतल्या नायट्रेट-नायट्राइटमुळे पूर्ण शिजलेला लोफही गुलाबी राहू शकतो, आणि उलट एखादा खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी पडतो.

त्याच वेळी ७१ म्हणजे ७१. खात्रीसाठी म्हणून ८० पर्यंत नेलात तर पावाचीही धरून ठेवायची शक्ती संपते.

ट्रेमध्ये लोफभोवती पांढरट, दह्यासारखं काहीतरी साचलेलं दिसेल. ते रसाबरोबर बाहेर येऊन गोठलेलं प्रथिन असतं. काही बिघडलेलं नाही, चमच्याने खरवडून टाका.

थांबणं

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना कापला तर रस ताटात वाहतो आणि काप भुगा होतात. थोडा निवला की रस दाट होतो आणि लोफ सावरतो. फॉइलने घट्ट झाकू नका, लेप वाफेने मऊ पडेल. नंतर दातेरी सुरीने, करवतीसारखी पुढेमागे नेत, अडीच सेंटीमीटरचे काप काढा. सोबत लोणी घातलेले कुस्करलेले बटाटे आणि उकडून परतलेल्या हिरव्या शेंगा ही नेहमीची जोडी. बटाटे मऊ, साधे आणि कमी मिठाचे ठेवा, कारण लोफ आणि लेप दोघंही बोलके आहेत.

बिघडला तर

काप मोडत असतील तर बहुधा एक तर थांबला नाहीत, नाहीतर भाज्या जाड चिरल्या. दोन्ही ठीक असेल तर पुढच्या वेळी दूध ३० मिलीने कमी करा. आणखी अंडं घालणं हा उपाय नव्हे; जास्त अंड्यांनी लोफ घट्ट होतो. घट्ट आणि उसळता झाला तर हात जास्त लागला. तेलकट झाला तर खिमा कोमट होता किंवा साचा वापरलात. वरून मोठी भेग पडली तर ओव्हन ठरवलेल्या तापमानापेक्षा गरम चालतो आहे का ते ओव्हनच्या थर्मामीटरने तपासा. बेचव झाला असेल तर टिकी चाखायची राहिली.

दुसऱ्या दिवशीचा

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तिथे तीन-चार दिवस टिकतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर काप करून, मधे बेकिंग पेपर घालून, हवा काढून गुंडाळा. तीन महिने चव शाबूत राहते. न भाजलेला लोफही असाच गोठवता येतो, पण भाजण्याआधी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या.

मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर कडा वाळतात आणि मध्य गार राहतो. त्यापेक्षा काप ओव्हनच्या भांड्यात मांडा, दोन चमचे स्टॉक किंवा पाणी शिंपडा, झाकून १५० अंशांवर गरम करा, मध्यभागी ७४ अंश येईपर्यंत.

नाहीतर माझ्या मते याहून चांगलं असं करा. फ्रिजमधला गार, घट्ट लोफ सेंटीमीटरभर जाडीचा कापा. तव्यावर लोणी तापवा, काप दोन्ही बाजूंनी चांगले तपकिरी होऊन आतपर्यंत चटका लागेल इतके गरम होईपर्यंत परता. कडेला राहिलेला लेप तव्यावर कॅरमलसारखा होतो. भाजलेल्या पांढऱ्या पावाच्या एका स्लाइसला मेयोनेझ, दुसऱ्याला मस्टर्ड, मधे तो काप आणि आंबट काकडीच्या दोन चकत्या. या सँडविचसाठी मी हल्ली सहा जणांचा लोफ चौघांना करते आणि जेवण वाढायच्या आधीच चार काप काढून फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवते.